दोन आजार, एकच रुग्ण

अकरावीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. हा खरा कोणी नाही, पण याच्यासारखी मुले बऱ्याच शिक्षकांनी पाहिलेली असतील. दहावीला चांगले गुण, वक्तृत्वाची आवड, मित्रांत रमणारा. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या कामासाठी तो रात्र रात्र जागला. विसर्जन झाले, बाकीची मुले दोन दिवस झोपून काढून पुन्हा कॉलेजला येऊ लागली. याला मात्र झोप नकोशीच झाली. दोन-तीन तास डोळा लागला तरी पहाटे तो ताजातवाना. बोलणे इतके भराभर की एक वाक्य संपण्याआधी दुसरे सुरू. फीसाठी दिलेल्या पैशांतून त्याने स्वतःची 'कंपनी' काढायचे ठरवले, तिची पत्रकेही छापून आणली. वर्गात तो शिक्षकांना मध्येच थांबवून त्यांच्या चुका काढू लागला. याच दिवसांत मोठ्या मुलांच्या संगतीत त्याने बिअर घ्यायला सुरुवात केली. दिवाळीनंतर चित्र उलटले. अंथरुणातून उठवेना, पुस्तक हातात धरवेना, जेवण जाईना. पिणे तेवढे थांबले नाही. आता तो एकटा पिऊ लागला.

घरचे म्हणतात, दारूने पोरगा बिघडला. मित्र म्हणतात, टेन्शन आहे म्हणून पितो. व्यसनमुक्तीच्या ठिकाणी नेले तर 'याचे मन ताळ्यावर नाही, आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा' असे उत्तर मिळू शकते. तिकडे जावे तर 'आधी दारू सोडा, महिनाभर कोरडा राहू द्या, मग आजार कोणता ते ठरवू' असेही ऐकावे लागते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. अडचण एवढीच, की मुलगा एकच आहे. त्याचा मेंदू, त्याची झोप आणि त्याचे रक्त या गोष्टी दोन विभागांत वाटता येत नाहीत. गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले त्याचा रोख याच मुद्द्याकडे आहे: हे दोन्ही आजार एकाच वेळी, एकाच उपचारात हाताळले पाहिजेत.

मनाची दोन टोके

पहिला आजार म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार, ज्याला डॉक्टर बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकात उन्माद आणि खिन्नता या दोन अवस्था एकाच आजाराची रूपे म्हणून मांडल्या. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे त्याला उन्माद-खिन्नतेचा आजार असेच म्हणत. 'बायपोलर' हे नाव १९८० च्या अमेरिकी वर्गीकरणानंतर रूढ झाले.

नाव सोपे असल्यामुळे त्याचा गैरवापरही फार होतो. सकाळी हसणारी आणि दुपारी रुसणारी मुलगी 'बायपोलर' नसते. ती चौदा वर्षांची असते. आजारात मनाची अवस्था काही तासांनी नव्हे, तर दिवसांनी आणि आठवड्यांनी मोजावी लागते. उन्मादाचे निदान करायचे तर ती अवस्था साधारण आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलेली असावी लागते. खिन्नतेसाठी किमान दोन आठवडे धरतात. शिवाय बदल असा हवा की ओळखीच्या माणसांना 'हा नेहमीचा नाही' हे स्पष्ट जाणवावे. उन्मादाची सर्वांत बोलकी खूण आनंद ही नव्हे. पुष्कळ रुग्ण त्या काळात आनंदी नसून चिडके असतात. खूण आहे झोपेची. झोप येत नाही आणि माणूस थकतो, हा निद्रानाश. झोप कमी झाली तरी माणूस थकत नाही, हा उन्माद असू शकतो. परीक्षेच्या काळात जागणारा मुलगा आणि उन्मादातला मुलगा यांतला फरक शिक्षकाला या एका प्रश्नावरून बराचसा कळतो.

हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात प्रथम डोके वर काढतो. आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा आहे. आता योगायोग पाहा. नेमक्या याच वयात बहुतेक माणसांच्या हातात दारूचा पहिला पेला येतो.

हा निव्वळ योगायोग असता तर दोन आजार एकत्र सापडण्याचे प्रमाण सामान्य लोकांइतकेच असते. तसे ते नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात पाच ठिकाणच्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण लोकांपैकी १३ ते १४ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेला होता. तीव्र उन्माद येणाऱ्या द्विध्रुवीय रुग्णांत हे प्रमाण ४६ टक्के निघाले. दारूखेरीज इतर अमली पदार्थ धरले तर साठ टक्क्यांच्या वर. त्या पाहणीतल्या प्रमुख मनोविकारांत व्यसनाशी इतकी जवळीक फार थोड्यांची होती.

असे का व्हावे? सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे माणूस दुःख बुडवायला पितो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ खांत्झियन यांनी १९८५ साली याला 'स्वतःच स्वतःला दिलेले औषध' अशा अर्थाची शास्त्रीय मांडणी दिली. तिच्यात तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. कारण हे रुग्ण उन्मादाच्या काळातही पितात, आणि कित्येकदा जास्त पितात. तिथे बुडवायला दुःख नसते. तिथे 'मला काही होत नाही' ही खात्री असते, खिशात असतील नसतील ते पैसे असतात आणि थांबायची कळ निकामी झालेली असते. दोन्ही आजारांना पोसणारी काही आनुवंशिक कारणे समान असावीत, असेही दिसते. आणि उलट दिशेने, दारू स्वतःच मनाची अवस्था ढवळून काढते.

ही ढवळाढवळ कशी होते ते पाहण्यासारखे आहे. मेंदूत पेशींना शांत करणारी आणि उत्तेजित करणारी अशी दोन प्रकारची रासायनिक निरोपांची यंत्रणा असते. दारू पहिलीला जोर देते आणि दुसरीला दाबते. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत सैल, निवांत वाटते. पण रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उत्तेजक बाजू वाढवत नेतो. दारू उतरली की ही वाढलेली बाजू मोकळी सुटते: हात थरथरणे, घाबरल्यासारखे होणे, पहाटे तीन वाजता टक्क जाग येणे. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. आणि तुटलेली झोप उन्मादाला आमंत्रण देते. अमेरिकी संशोधक थॉमस वेअर आणि सहकाऱ्यांनी १९८७ सालीच असे सुचवले होते, की उन्माद सुरू होण्यामागची अनेक कारणे अखेर झोप घटण्याच्या एकाच वाटेने येत असावीत. म्हणजे मुलगा झोप यावी म्हणून पितो, त्याने झोप बिघडते, बिघडलेल्या झोपेने उन्माद येतो, उन्मादात पिणे वाढते आणि नंतरच्या खिन्नतेत पुन्हा तेच औषध हाताशी असते.

आधी काय आणि नंतर काय

आता 'आधी दारू सोडा, मग बघू' या सल्ल्याकडे वळू. त्यामागचे कारण शास्त्रीय आहे. दारूची नशा उन्मादासारखी दिसू शकते आणि दारू उतरल्यानंतरचे दिवस खिन्नतेसारखे. सतत पिणाऱ्या माणसाची खिन्नता काही आठवडे दारू बंद केल्यावर आपोआप ओसरते, असे कित्येकदा दिसते. तेव्हा निदानाची घाई नको, हे म्हणणे रास्त आहे. पण निदानाला थांबणे आणि उपचाराला थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला खरोखरच उन्माद आला आहे त्याला 'महिनाभर कोरडा राहून दाखव' असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'दवाखान्यापर्यंत चालत ये, मग प्लास्टर घालू' असे सांगण्यासारखे आहे.

मग ओळखायचे कसे? यासाठी एक साधे साधन आहे आणि ते विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. आलेखाचा कागद घ्यायचा. आडव्या अक्षावर महिने. मधली रेघ म्हणजे नेहमीची मनःस्थिती, वर उन्माद, खाली खिन्नता. त्याखाली दुसरी पट्टी झोपेच्या तासांची आणि तिसरी पिण्याची. परीक्षा, सण, घरातला मृत्यू, गाव बदलणे अशा घटना तारखेसह टाकायच्या. क्रेपेलिनही आपल्या रुग्णांच्या आजाराचे असे तक्ते काढत असे. हा आलेख रुग्ण, आई-वडील आणि डॉक्टर यांनी मिळून भरला की बऱ्याच गोष्टी उघड होतात. पहिला पेला हाती येण्यापूर्वी मनाचा एखादा चढ किंवा उतार येऊन गेला होता का? मध्ये दारू बंद होती त्या दोन महिन्यांत काय झाले? वर्गातली वागणूक कधी पालटली, याची नोंद शिक्षकाच्या आठवणीत असते आणि घरच्यांच्या नसते, असेही पुष्कळदा घडते.

किशोरवयीन मुलांत बहुधा कोणता आजार आधी येतो, याचे एक उत्तर अमेरिकेतल्या सेंट लुई येथील बार्बरा गेलर यांच्या अभ्यासातून मिळाले. त्याकडे येण्यापूर्वी लिथियमबद्दल थोडे सांगायला हवे.

लिथियम हे सोडियमच्याच कुटुंबातले, आवर्त सारणीत त्याच्या डोक्यावर बसलेले मूलद्रव्य. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली दहा उन्मादग्रस्त रुग्णांवर लिथियमच्या क्षारांचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. शोधाची वाट वाकडी होती. त्यांना तपासायचे होते यूरिक आम्ल. ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून त्यांनी त्याचा लिथियम क्षार घेतला, गिनीपिगना टोचला आणि प्राणी सुस्त पडलेले पाहून त्यांचे लक्ष लिथियमकडे गेले. रुग्णांना देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ यांनी १९५४ पासून काटेकोर चाचण्या करून त्याची बाजू भक्कम केली. अमेरिकेत मात्र मान्यता मिळायला १९७० साल उजाडले, कारण १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरून काही लोक दगावले होते. आजही या आजारात लिथियम हे पहिल्या रांगेतले औषध आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका पुरावा मनाची अवस्था स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधापाशी नाही.

गेलर यांचा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात द्विध्रुवीय विकार आणि व्यसन दोन्ही असलेले २५ किशोर होते, सरासरी वय सोळाच्या थोडे वर. व्यसन मुख्यतः दारू आणि गांजाचे. काहींना लिथियम आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. कोणाला काय मिळते हे ना मुलांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. सहा आठवड्यांनी लघवीच्या तपासणीत नशेचे पदार्थ सापडण्याचे प्रमाण लिथियम घेणाऱ्यांत स्पष्टपणे कमी होते, आणि त्यांचे एकूण वागणे-जगणेही सुधारले होते. मुले अजून व्यसनात असतानाच उपचार सुरू झाले, आणि ते सुरक्षितपणे पारही पडले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. दुसरी अशी, की या मुलांत मनाचा आजार व्यसनाच्या सरासरी सहा वर्षे आधी सुरू झालेला होता. सहा वर्षे! म्हणजे शाळेची जवळजवळ सगळी माध्यमिक वर्षे.

२५ मुलांच्या प्रयोगावर फार मोठी इमारत बांधता येत नाही. किशोरांवर असे प्रयोग मोजकेच झाले आहेत, आणि बाकीची माहिती प्रौढांवरून घ्यावी लागते. प्रौढांतले चित्र संमिश्र आहे. पिट्सबर्ग येथे ५९ रुग्णांवरच्या अभ्यासात (२००५) लिथियमच्या जोडीला व्हॅल्प्रोएट दिल्यावर भरमसाट पिण्याचे दिवस कमी झाले. उलट, क्वेटियापिन हे उन्मादावर चांगले चालणारे औषध जोडून साडेतीनशेच्या आसपास रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) पिणे काही कमी झाले नाही. यावरून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो: मन ताळ्यावर आले की दारू आपोआप सुटेल, हा भरवसा धरता येत नाही. तसाच, दारू सुटली की मन आपोआप ताळ्यावर येईल हाही नाही. एकाला मूळ आणि दुसऱ्याला फांदी म्हणून मोकळे होण्याची सोय इथे नाही.

एकत्रित उपचार म्हणजे काय

दोन डॉक्टरांकडे एकाच आठवड्यात जाणे म्हणजे एकत्रित उपचार नव्हे. एक तज्ज्ञ गोळ्या देतो, दुसरीकडे गटात कोणीतरी सांगतो की 'सगळ्या गोळ्या म्हणजे नशाच, त्याही सोड', आणि मुलगा दोघांच्या मध्ये लोंबकळतो. हे सर्रास घडते. वास्तविक अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेने आपल्या सदस्यांना उद्देशून फार पूर्वीच पुस्तिका काढून बजावले आहे, की कोणीही दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये.

एकत्रित उपचाराचा चांगला नमुना अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयातील रॉजर वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्यांनी रुग्णांना सांगितले, की तुम्हाला दोन आजार आहेत असे समजू नका, हा जोडआजार एकच आहे. गटाच्या प्रत्येक बैठकीत सुरुवातीला जो तो सांगणार: या आठवड्यात पिणे झाले का, मन कसे होते, गोळ्या घेतल्या का. मग एक विषय, आणि तो दोन्ही अंगांनी. उदाहरणार्थ, 'आता काय फरक पडतो' हा विचार. खिन्नतेतला माणूस हेच म्हणून गोळी टाळतो आणि एकदा पाय घसरलेला माणूस हेच म्हणून दुसरा पेला भरतो. विचार एकच असेल तर त्याला तोंड द्यायची युक्तीही एकच शिकवता येते. मुख्य नियम दोन ओळींत मावतो: काहीही होवो, प्यायचे नाही, काहीही होवो, गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या.

२००७ साली ६२ रुग्णांवर याची तुलना नेहमीच्या व्यसनमुक्ती गटाशी केली. वीस बैठका दोन्हीकडे. एकत्रित गटातल्या रुग्णांचे नशेचे दिवस दुसऱ्या गटाच्या निम्म्यावर आले. मात्र त्यांच्या मनाच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत, उलट थोड्या अधिकच नोंदल्या गेल्या. हा भाग सहसा सांगितला जात नाही. कदाचित ज्या लक्षणांकडे लक्ष द्यायला ही माणसे शिकली तीच त्यांना जास्त दिसू लागली असतील. ते कसेही असो, मनाच्या चढउतारातही माणूस न पिता राहू शकतो, एवढे यातून दिसले.

तरुण मुलांच्या बाबतीत यात घरच्यांची भर पडते. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी द्विध्रुवीय विकारासाठी कुटुंबकेंद्री उपचार विकसित केला. त्यात आई-वडील आणि भावंडे यांना आजार समजावून देणे, घरातली टोचणारी भाषा बदलणे आणि पुढच्या झटक्याच्या खुणा लिहून ठेवणे हे शिकवतात. आपल्याकडे घर आधीच उपचाराच्या मध्यभागी असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. पण घरच्या प्रेमाचे एक रूप घातक आहे, ते सांगायलाच हवे. पिणाऱ्याला न सांगता चहात किंवा भाजीत 'दारू सोडवायचे औषध' मिसळणे. त्यात डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि मुळात ज्याला उन्मादाचा आजार आहे त्याचे मन या औषधाने आणखी बिघडू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचे असते.

दारू आणि गोळ्या यांची शरीरात गाठ पडते तेव्हा काय होते, हेही शिक्षकांना ठाऊक असावे. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांच्यात फारसा भेद करता येत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ घटले, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातले त्याचे योग्य प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात असते: लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल. दीडच्या वर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. दारूने लघवी जास्त होते, उलट्या झाल्या तर पाणी आणखी जाते. विदर्भातल्या मे महिन्यात तर दारूचीही गरज नाही. खेळाचे मैदान पुरते. आता लक्षणे पाहा: हात जास्त थरथरणे, मळमळ, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी. हुबेहूब दारू प्यायलेल्या माणसाची! मित्र म्हणणार, 'जास्त झाली आहे, झोपू द्या.' लिथियम घेणाऱ्याला झोपू देऊ नये, रुग्णालयात न्यावे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याचे यकृत दारूने दुहेरी भाराखाली येते. शिवाय गर्भावर या औषधाचे गंभीर परिणाम होत असल्याने तरुण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. आणि नुसती खिन्नतेवरची गोळी, मनाला वरून आवर घालणाऱ्या औषधाशिवाय दिली, तर उन्माद उसळू शकतो. म्हणूनच नुसते 'डिप्रेशन आहे' म्हणून औषध लिहिण्यापूर्वी तो आलेख पाहायचा असतो.

एक सावधगिरी उलट बाजूनेही. बरेच महिने रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. शपथ घालून घरात कोंडणे हा उपचार नाही. हे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढायचे असतात.

आपल्याकडचे चित्र

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत (बारा राज्ये निवडली होती, महाराष्ट्र त्यांत नव्हता) द्विध्रुवीय विकाराच्या शंभरातल्या सत्तर रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. दारूच्या विकारात ही संख्या ८६ होती. ज्याला दोन्ही आहेत त्याच्या वाट्याला काय येत असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश केला आहे. कायद्याच्या कागदावर दोन्ही आजार एका छताखाली आले. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या मदतीवर चालणारी बहुसंख्य व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतली, तर मनोरुग्णालये आरोग्य खात्याची. वाटणी कार्यालयांची आहे, पण चालावे रुग्णाला लागते. तरी मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत दोन्ही गोष्टी एका ठिकाणी होतात, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या व्यसनमुक्ती केंद्रांतही होऊ शकतात. केंद्र निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: 'इथे मनोविकारतज्ज्ञ आहेत का, आणि चालू असलेल्या गोळ्या बंद तर करत नाही ना?'

शाळेला यात काही करण्यासारखे आहे का? अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या एका दीर्घ अभ्यासात द्विध्रुवीय विकार असलेल्या, पण व्यसन नसलेल्या १२ ते १७ वयाच्या १६७ मुलांवर लक्ष ठेवले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ३२ टक्क्यांना पुढे व्यसन जडले, आणि त्याला सरासरी २.७ वर्षे लागली. कोणाला जडेल हे आधी सांगणाऱ्या गोष्टींत सर्वांत ठळक ठरली ती ही: अभ्यासाच्या सुरुवातीलाच त्या मुलाने दारूची चव घेऊन पाहिली होती का. व्यसन नव्हे, नुसती चव. शिवाय घरात कोणाचे व्यसन आणि घरातल्या माणसांत जिव्हाळ्याची वाण, हेही त्या यादीत होते. तीन किंवा अधिक धोके असलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक व्यसनाकडे वळली, तीनपेक्षा कमी असलेल्यांत सुमारे १४ टक्के. म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांची एक खिडकी उघडी असते. नववीत निदान झालेल्या मुलाच्या बाबतीत ती खिडकी म्हणजे बारावीपर्यंतचा काळ. 'एखादा घोट घेतला तर काय बिघडते, लग्नाच्या वरातीत सगळेच घेतात' हे वाक्य इतर मुलांच्या बाबतीत कदाचित सोडून देता येईल. या मुलाच्या बाबतीत नाही.

शिक्षकाने निदान मात्र करू नये. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात बायपोलर असे निदान लावून डॉक्टरांकडे आलेल्या मुलांच्या भेटी चाळीसपट वाढल्या होत्या. आजार काही चाळीसपट वाढला नव्हता, लेबल स्वस्त झाले होते. नुसती चिडचिडी मुलेही त्यात ओढली गेली. आपण वर्गात करायचे ते एवढेच, की काय दिसले ते तारखेसह लक्षात ठेवायचे आणि मुलाशी एकट्याने बोलायचे. 'तू पितोस का' याआधी 'झोप कशी होते आहे' हे विचारावे. त्याचे उत्तर खरे मिळण्याची शक्यता जास्त. जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारायलाही हरकत नाही. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

दप्तरात बाटली सापडली म्हणून नाव काढून टाकणे सोपे आहे. पण बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने शिक्षा ठेवली आहे ती मुलाला दारू देणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत कैदेची. मुलाला शाळेतून काढले की त्याच्या दिवसाची घडी मोडते: उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, झोपण्याची वेळ. या आजारात ही घडी म्हणजे अर्धे औषध असते.

उपचार सुरू झालेला मुलगा वर्गात परत येतो तेव्हा त्याच्या गरजा अगदी साध्या असतात. बाकावर पाण्याची बाटली आणि तासाच्या मध्ये लघवीला जायची परवानगी, कारण लिथियमने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. हात थरथरत असल्यास अक्षराबद्दल टोमणा नको. सहलीत रात्रीचे जागरण नको. लिथियमची रक्ततपासणी सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर तीन ते सहा महिन्यांनी होते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते, म्हणजे बहुधा सकाळी दहाच्या सुमारास. त्या दिवशी तो दुसऱ्या तासाला येईल. हजेरीपटावर त्याची उशिराची खूण करायची नाही, आणि कारण वर्गासमोर विचारायचे नाही.